बाळाचं दूध पितळेच्या तपेलीत तापवावं का?

रानजाई | शुक्रवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. लेक सात महिन्यांची झाली, वरचं सुरू केलंय. सासूबाई साताऱ्याकडच्या गावाहून आल्या त्या त्यांच्या सासूबाईंची पितळेची तपेली घेऊनच. चिंच लावून लखलखीत केलीये आणि म्हणणं असं की नाचणीसत्त्वाला लागणारं दूध यातच तापवायचं, अंगी लागतं. भरीस भर म्हणून नवऱ्याच्या मित्रांनी बारशाला तांब्याचा छोटा पेला दिलाय, "परंपरेकडे परत" असं खोक्यावर छापलेला.

लसीसाठी गेले तेव्हा सहज विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दूध पितळेत अजिबात नको, स्टील वापरा." का, ते विचारेपर्यंत पुढचं बाळ आत रडत आलं. घरी सांगितलं तर सासूबाईंचा एकच प्रश्न: आम्ही सगळे वाढलो ते काय हवेवर?

मला भांडण नकोय, कारण हवंय. कुणाला नीट माहीत आहे का?

पेशवाई_थाट | रात्री ११:०२

झालं! आता पितळही वाईट. आधी तूप वाईट होतं, मग खोबरेल वाईट होतं, मग दोन्ही चांगली झाली. प्लॅस्टिकच्या बाटलीतून पावडरचं दूध पाजलेलं चालतं, पण पणजीची तपेली चालत नाही. वहिनी, बिनधास्त वापरा. तांब्या-पितळेचं पाणी पिऊन आपल्या पिढ्या घडल्या.

तांबट_नातू | रात्री ११:३१

थाटराव, जरा दमानं. आमचं घर पुण्याच्या तांबट आळीतलं. आजोबा ठोक्याची भांडी घडवायचे, मी संगणकावर ठोकतो. पण एक सांगतो, आमच्या घरात स्वयंपाकाच्या पितळेला कल्हई नसेल तर आजी ते भांडं चुलीजवळ येऊ द्यायची नाही.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, त्यात तांबं निम्म्याहून जास्त. कल्हई म्हणजे आतून दिलेला कथलाचा पातळ हात. भांडं भट्टीवर लालसर तापवायचं, नवसागराची पूड टाकायची, पांढरा धूर निघाला की कथलाची कांडी फिरवायची आणि कापसाच्या बोळ्यानं झरझर सगळीकडे पसरवायची. मग पाण्यात बुडवायचं, चर्र. लहानपणी ते बघायला आम्ही शाळेला उशीर करायचो. हा हात कायमचा नसतो. रोजच्या घासण्यानं काही महिन्यांत उडतो, म्हणून सणावारांच्या आधी गल्लीत कल्हईवाला यायचाच.

रानजाई, तुमची तपेली चिंच लावून "लखलखीत" झाली म्हणताय. बाहेरून की आतून? आतून पिवळी चमकत असेल तर कल्हई नाही. कल्हईचं भांडं आतून चांदीसारखं पांढुरकं दिसतं.

रानजाई | रात्री ११:३८

आतूनही पिवळीधम्मक आहे. 😐

निंबोणी | शनिवार, सकाळी ६:१५

कल्हई नसलेल्या भांड्यात ताक कळकतं. हिरवट होतं, जिभेवर कसंसंच लागतं. आमटी, ताक, सार, लोणचं यातलं काही पितळेत ठेवायचं नाही हे आम्हाला परकरात असल्यापासून माहीत. पण खरं सांगायचं तर दुधाला हा नियम कुणी लावत नसे. दूध कुठे आंबट असतं? कासंडीत धार काढायची, चरवीत घालायचं, तिथेच तापवायचं. कासंडी पितळेची, चरवीही पितळेची.

बाकी नंतर लिहिते. हा विषय मला जरा जड जातो.

काचपट्टी | सकाळी ९:२०

रानजाई, तुमच्या डॉक्टरीणबाईंना घाई होती, मला नाही. निवृत्त पॅथॉलॉजिस्ट आहे, तेव्हा पाल्हाळ सहन करा.

त्यांच्या मनात जो आजार होता तो आज चाळिशीच्या आतल्या बहुतेक डॉक्टरांनी पुस्तकातच पाहिला असेल. नाव इंडियन चाइल्डहूड सिरॉसिस, म्हणजे लहान मुलांचं यकृत धागे भरून टणक होण्याचा आजार. आम्ही आयसीसी म्हणायचो, क्रिकेटशी संबंध नाही. गावाकडे नुसतं "लिव्हर झालं" म्हणायचे आणि ऐकणारा पुढचं विचारायचा नाही. १८८७ साली कलकत्त्याच्या सेन नावाच्या डॉक्टरांनी तान्ह्या मुलांच्या यकृताच्या या दुखण्याबद्दल लिहिलं, तेव्हापासून वैद्यकीय कागदोपत्री त्याची नोंद आहे.

मूल साधारण एक ते तीन वर्षांचं. चांगलं खातंपितं. आधी नुसती किरकिर, भूक मंद, अंगात बारीक कसर. मग आईच्या लक्षात येतं की हातपाय वाळतायत पण पोट पुढे आलंय. डॉक्टरानं पोटावर हात ठेवला की बरगडीखाली यकृत लागायचं, टणक, आणि त्याची कड पानाच्या कडेसारखी धारदार. ती कड एकदा बोटांना कळली की विसरता येत नाही. मी पॅथॉलॉजीला गेलो त्याला तीही एक कारण होती.

त्यानंतरचं सगळं म्हणजे गुंतागुंत. यकृतात धागे भरत गेले की आतड्यांकडून येणाऱ्या रक्ताला वाट मिळत नाही. दाब मागे साठतो, प्लीहा फुगते, अन्ननलिकेच्या तळाशी शिरा फुगतात आणि फुटल्या तर रक्ताची उलटी. रक्तातलं पाणी रक्तातच धरून ठेवणारं अल्ब्युमिन हे प्रथिन यकृताला बनवता येत नाही, त्यात हा दाब, म्हणून पोटात पाणी. कावीळ चढायची. शेवट जंतुसंसर्गानं, रक्तस्रावानं नाहीतर यकृत पूर्ण थकून येणाऱ्या बेशुद्धीनं. कावीळ दिसली की पुढचा हिशोब आठवड्यांचा, फार तर महिन्यांचा असे. एका घरात एक मूल गेलं की पुढच्याही मुलाचं काही खरं नाही, असं सगळे धरून चालायचे.

कारणं काय काय सुचवली गेली! विषाणू, कुपोषण, आनुवंशिक दोष, बुरशीचं विष. आईच्या दुधालाही दोष देऊन झाला. प्रत्येकाचा एक काळ होता.

कलाटणी मिळाली ती यकृताच्या तुकड्याच्या रंगकामातून. ऑर्सीन नावाचा रंग आहे. तांब्याला धरून ठेवणारी प्रथिनं त्यानं गडद तपकिरी दाण्यांसारखी दिसतात. १९७८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं की या मुलांच्या यकृतात असे दाणे खच्चून भरलेत. पुढच्याच वर्षी प्रत्यक्ष तांबं मोजलं गेलं. निरोगी यकृतात सुक्या वजनाच्या एका ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमच्या आत असतं. या मुलांत ते कित्येक शेकड्यांपासून हजारांपर्यंत.

चहा घेऊन येतो.

काचपट्टी | सकाळी १०:०५

पुढे.

तांबं म्हटलं की कुणालाही विल्सनचा आजार आठवेल. १९१२ मध्ये वर्णन झालेला, एका जनुकाच्या बिघाडामुळे तांबं बाहेर न टाकता येणारा. पण विल्सन इतक्या लहान वयात सहसा दिसत नाही आणि त्यात सेरुलोप्लाझ्मिन, म्हणजे रक्तात तांबं वाहून नेणारं प्रथिन, बहुधा कमी असतं. आमच्या मुलांत ते नेहमीइतकं किंवा चढंच. म्हणजे शरीराची यंत्रणा जन्मतः मोडलेली नव्हती. मग एवढं तांबं आलं कुठून?

इथून ही गोष्ट पुण्याची होते. केईएम रुग्णालयात डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे, आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर. त्यांनी एक साधी गोष्ट केली. आईला शेजारी बसवून विचारलं की बाळाला वरचं दूध कधी सुरू केलं, कशात तापवलं, कशात ठेवलं. आजारी मुलांची उत्तरं आणि त्याच वयाच्या निरोगी मुलांची उत्तरं समोरासमोर मांडली. आजारी मुलांच्या घरात जनावराचं दूध लवकर सुरू झालेलं आणि ते पितळेच्या भांड्यात तापवलेलं, ठेवलेलं असण्याचं प्रमाण कितीतरी जास्त. १९८३ मध्ये लॅन्सेटमध्ये हा विचार मांडला, १९८७ मध्ये जोड्या लावून केलेली सविस्तर तुलना आली.

याच सूत्राने आणखी एक जुनं कोडं सुटतं. हा आजार सगळ्यात गरीब घरांत कमी असायचा. गोठ्यात दुभतं जनावर आणि फळीवर पितळ, दोन्ही असलेल्या मध्यम घरांत जास्त. ज्याच्याकडे जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, एकच पातेलं, त्याचं पोर वाचलं.

शंकासुर | सकाळी ११:१०

काचपट्टी, छान लिहिताय, पण माझं नाव शंकासुर उगाच नाही. पोटापाण्यासाठी आकडे बघतो. तीन शंका.

एक, ज्या आईचं मूल मरणाच्या दारात आहे ती प्रत्येक भांडं आठवून सांगेल. जिचं धडधाकट आहे ती म्हणेल, "असेल कशात तरी." आठवणीवर उभ्या असलेल्या तुलनेचं हे जुनं दुखणं आहे.

दोन, पित्त नीट वाहत नसेल तर तांबं यकृतात आपोआप साठतं, कारण ते बाहेर जातंच मुळी पित्तातून. मग तांब्यामुळे यकृत बिघडलं की बिघडलेल्या यकृतात तांबं अडकलं?

तीन, १९९४ मध्ये शाइनबर्ग आणि स्टर्नलिब यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधली तीन गावं तपासली. तिथल्या नळाच्या पाण्यात तांबं भरपूर होतं, पण लहान मुलांत यकृताच्या आजाराचे असे मृत्यू सापडले नाहीत. तांबं एवढं घातक असेल तर तिथली पोरं कशी तगली?

आणि हे फक्त परदेशी लोकांचं म्हणणं नाही. आपल्याकडचे पॅथॉलॉजिस्ट नायक आणि चितळे यांनी २०१३ मध्ये इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये दीर्घ लेख लिहून तांब्याच्या कारणाला ठाम हरकत घेतली आहे.

पेशवाई_थाट | सकाळी ११:१४

शंकासुरा, आज पहिल्यांदा तुला चहा पाजावासा वाटतोय.

काचपट्टी | दुपारी १२:२५

चांगल्या शंका आहेत, आणि चितळे-नायक ही माझ्याच पंथाची मोठी माणसं, त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेता येत नाही. सगळ्याच मुलांच्या इतिहासात पितळ सापडत नव्हतं, हेही कबूल.

पहिल्या शंकेवर: आईची आठवण घसरेल, पण ऑर्सीनच्या दाण्यांना आठवण नसते.

दुसरीवर: पित्त अडल्यानं तांबं वाढतं हे खरं. पण या मुलांत ते कावीळ दिसण्याआधीच वाढलेलं असायचं, आणि पित्ताच्या बहुतेक आजारांत दिसतं त्याच्या कितीतरी वर. शिवाय औषधाची गोष्ट बघा. पेनिसिलामाइन तांब्याला पकडून लघवीवाटे बाहेर काढतं. वॉल्श यांनी १९५६ मध्ये ते विल्सनसाठी आणलं. पुण्याच्या मंडळींनी ते या मुलांवर वापरून १९८७ मध्ये निष्कर्ष छापले. आजार फार पुढे गेलेल्या मुलांत उपयोग झाला नाही. कावीळ होण्याआधी पकडलेल्या मुलांत मात्र बरीच वाचली. १९९६ मध्ये त्याच गटानं वाचलेल्या मुलांचा अनेक वर्षांचा पाठपुरावा छापला. मुलं वाढत होती, शाळेत जात होती, आणि औषध थांबवल्यावरही आजार परतला नव्हता. विल्सनमध्ये औषध जन्मभर लागतं. इथे थांबवता आलं, कारण तांब्याची आवकच बंद झाली होती. माझ्या दृष्टीनं हा सगळ्यात बोलका पुरावा आहे. तुम्हाला तो पुरेसा वाटणार नाही, ठाऊक आहे.

तिसरीचं उत्तर एखाद्या रसायनवाल्यानं दिलेलं बरं.

परीक्षानळी | दुपारी १:५०

हजर.

पाण्यातलं तांबं आणि दुधातलं तांबं यांचं वागणं वेगळं. दुधात केसीन असतं, म्हणजे पनीर-चक्का ज्याचा बनतो ते प्रथिन. ते तांब्याला घट्ट चिकटतं. भांड्यातून तांब्याचे कण सुटले की केसीन ते उचलून घेतं, मग आणखी सुटतात, आणखी उचलली जातात. साध्या पाण्यात अशी ओढ नसते. १९८९ मध्ये ओनील आणि टॅनर यांनी हेच प्रयोगानं दाखवलं की पितळेच्या भांड्यातून गाईचं दूध तांबं चांगलंच शोषून घेतं. तापवून तासन्‌तास ठेवलं की आणखी भर पडते, आणि आपल्याकडे दूध दिवसातून तीनदा तापवायची रीत.

निंबोणीताईंचा मुद्दा इथे फार मोलाचा आहे. "कळकणं" ही आपल्या बायकांनी शोधलेली तांब्याची चाचणीच आहे. आम्लानं तांबं सुटतं, चव बदलते, रंग बदलतो, जीभ सांगते की फेकून द्या. अमेरिकेतला सरकारी सल्लाही तसाच आहे, सामू (पीएच, जितका कमी तितका पदार्थ आंबट) ६ च्या खाली असेल असा पदार्थ उघड्या तांब्यात नको. पण ताज्या दुधाचा सामू ६.६ च्या आसपास. या चाळणीतून दूध सहीसलामत निसटतं. ते फाटत नाही, हिरवं होत नाही. आजीच्या शहाणपणाला जिथे जिभेची साक्ष नव्हती तिथेच भोक राहिलं.

आणि बाळ म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. जन्मतःच त्याच्या यकृतात तांब्याचा साठा भरपूर असतो, पोटात असताना आईकडून मिळालेला. पित्तातून तो बाहेर टाकायची यंत्रणा पहिले काही महिने कच्ची असते. त्यात रोज वाटीभर तांबूस खुराक, आणि तोच त्याचा मुख्य आहार.

आल्प्सवारी | दुपारी ३:३५

इन्सब्रुकहून लिहितेय, इथे येऊन नऊ वर्षं झाली. हा धागा वाचून खुर्चीतून उठले, कारण ही गोष्ट इथलीसुद्धा आहे!

ऑस्ट्रियाच्या या तिरोल भागात १९०० ते १९७४ या काळात १३८ लहान मुलं अशाच यकृताच्या आजारानं गेली. म्युलर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये लॅन्सेटमध्ये ते मांडलं. यकृताचं चित्र तुमच्या आयसीसीशी जुळणारं. आणि कारण? इथल्या शेतकरी घरांत आईचं दूध लवकर सोडवून गाईच्या दुधात पाणी, साखर, पीठ घालून खळ शिजवायचे, कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात. भांडी बदलली, आजार संपला.

पण त्यांनी वंशावळीही काढल्या. डोंगरातल्या बंद खोऱ्यांत नात्यातली लग्नं, आणि आजार ठरावीक कुळांत. म्हणून त्यांचं म्हणणं असं की एकटं तांबंही पुरेसं नाही आणि एकटा जनुकीय दोषही नाही. दोन्ही एका घरात आले की मूल जातं. शंकासुरांच्या अमेरिकन गावांचं उत्तर यात असू शकेल. तिथे तांबं होतं, ती कुळं नव्हती.

जुन्या शेतघरात पाहुणी म्हणून गेले तेव्हा भिंतीवर तांब्याचं भलंमोठं पातेलं शोभेला टांगलेलं पाहिलं होतं. फोटोही काढला होता, घरच्या घंगाळाची आठवण आली म्हणून.

शंकासुर | दुपारी ४:००

आल्प्सवारी, हे मानलं. "दोन्ही लागतात" हे मला एकट्या तांब्यापेक्षा जास्त पटतं. तरी एक खडा टाकतोच. आपल्याकडे आजार ओसरला त्याच काळात स्टील आलं, लसी आल्या, मुलींचं शिक्षण वाढलं, दूध पिशवीतून येऊ लागलं. श्रेय एकट्या भांड्याला कसं देणार?

काचपट्टी | दुपारी ४:२०

नाहीच देता येणार शंभर टक्के. आजार इतक्या झपाट्यानं गेला की संशोधकांच्या हातात मुलंच उरली नाहीत. नव्वदच्या दशकात वॉर्डात एखादं दिसायचं, मग तेही नाही. सिद्ध होण्याआधी आरोपी गाव सोडून गेला. एक डॉक्टर म्हणून मला याचं वाईट वाटत नाही.

आणि कुळांबद्दल एक. आपल्याकडे सख्ख्या भावंडांना आजार व्हायचा म्हणून तो आनुवंशिक असं म्हणत. असेलही थोडा. पण आपल्या घरात नाकाडोळ्यांबरोबर चरवीही वारशानंच येते.

निंबोणी | संध्याकाळी ७:१०

सकाळी म्हटलं होतं नंतर लिहिते.

मी घरातली चौथी. वरचे दोन भाऊ "लिव्हर"नं गेले, एक दीड वर्षाचा, एक दोनाला टेकलेला. मी त्यांना पाहिलेलं नाही. आई त्यांची नावं घेत नसे, पण नागपंचमीला दोन लाडू बाजूला ठेवायची. आम्हाला घरात म्हैस होती आणि आजोबांचा मान मोठा, म्हणून पितळही भरपूर. दुसऱ्या भावाच्या वेळी आईला अंगावर दूध नव्हतं, म्हणून पहिल्या महिन्यापासून म्हशीचं दूध पाणी घालून. आजीनं आईला काय काय ऐकवलं असेल ते मी मोठेपणी कल्पनेनं जुळवलं. पांढऱ्या पायाची, दूध विषारी, वगैरे.

मग माझी मोठी बहीण जगली आणि मीही. आई म्हणायची देवीला नवस केला. केला होताच. पण आज हे वाचताना आठवतंय की त्याच सुमारास आजी गेली, आणि बोहारणीला आईनं जरीची जुनी पातळं देऊन स्टीलची पहिली पातेली घेतली. आईला ती फार मिरवायला आवडायची. दूध त्यातच तापायचं, कारण स्टीलवर साय धरलेली स्वच्छ दिसते असं तिचं मत. पितळेच्या चरव्या मोडीत गेल्या.

कारण हेच होतं असं मी म्हणत नाही. तिला कळलं असतं तर बरं वाटलं असतं की आणखी वाईट, तेही मला ठरवता येत नाही.

तांबट_नातू | संध्याकाळी ७:४२

निंबोणीताई. 🙏

स्टील आलं तेव्हा आमच्या आळीत किती शिव्या पडल्या त्याला, ते ऐकत मोठा झालो. आज बोहारणीबद्दल वेगळंच वाटतंय.

पेशवाई_थाट | रात्री ८:३०

ताई, सकाळी थट्टेवारी नेलं त्याबद्दल क्षमा असावी.

माघार घेतोय पण पूर्ण नाही, हे नोंदवून ठेवा. मी स्वतः रोज सकाळी तांब्याच्या तांब्यातलं पाणी पितो. माझं यकृत आता गेलं का?

परीक्षानळी | रात्री ८:५५

नाही गेलं. धडधाकट मोठ्या माणसाला रात्रभर तांब्यात ठेवलेल्या साध्या पाण्यातून जाणारं तांबं सहसा मर्यादेच्या बरंच आत असतं. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम आहे. २०१२ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं की तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलेल्या पाण्यात कॉलरा, हगवण यांचे जंतू मरतात आणि तरी तांबं मर्यादेत राहतं. म्हणजे तुमच्या परंपरेलाही गुण मिळाले. पण त्याच तांब्यात लिंबू पिळून ठेवू नका, आणि घरात कुणाला विल्सन असेल तर त्याच्यासाठी तांब्या-पितळेचं भांडं बंदच.

काचपट्टी | रात्री ९:१५

रानजाई, तुमच्यापुरतं सांगायचं तर बाळाचं दूध, सत्त्व, पेज सगळं स्टीलमध्ये. तांब्याचा पेला वर्षभर शोकेसमध्ये राहू दे. अंगावरचं दूध चालू असेल तर उत्तम, त्यात तांबं बेताचंच असतं. आणि कल्हई करून घेतली तरी दुधासाठी नकोच. कल्हई कधी उडाली ते रोज कोण तपासणार? आजकाल तारेच्या घासणीनं ती लवकर खरवडते.

आजची मुलं यकृताच्या तक्रारी घेऊन येतात त्या वेगळ्याच, चरबी साठल्याच्या. पण तो वेगळा विषय, त्यावर मला सुरू करू नका.

पेशवाई_थाट | रात्री ९:१८

अजिबात नाही करणार.

रानजाई | रविवार, सकाळी ११:५०

अपडेट देते. काल रात्री सगळा धागा सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवला. निंबोणीताईंच्या पोस्टला त्या उठून आत गेल्या. परत आल्या तेव्हा म्हणाल्या, "आमच्या शेजारच्या वाड्यात पण गेली होती पोरं, पोट फुगून." मग थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही.

पण खरी गंमत आज सकाळी झाली. खातरजमा करायला त्यांनी आत्याबाईंना, म्हणजे माझ्या आत्तेसासूबाईंना फोन लावला. वय ८८, कान तिखट. स्पीकरवर प्रश्न विचारला, "वन्सं, आपल्याकडं दूध याच पितळी तपेलीत तापायचं ना?" पलीकडून थेट उत्तर: "दूध? अगं ती तपेली बंबातलं पाणी काढायची! दूध मातीच्या मडक्यात, गोवरीच्या निखाऱ्यावर. तुला माहेरचं आठवत असंल."

तर "आम्ही सगळे वाढलो" ते अंघोळीच्या तपेलीवर नव्हे. तपेली आता मोगऱ्याच्या कुंडीला बाहेरून घालायची असं ठरलंय. तांबट_नातू, आत पाणी साचलं तर पितळेला काही होईल का?

आणि एक नवीन अडचण. सासूबाई सकाळपासून मातीचं मडकं शोधायला गेल्यात. त्याचा वेगळा धागा काढू का इथेच विचारू?